फुकटचा तंबू, पण नकाशा आधी

अमेरिकेत कोलोरॅडोतल्या नॅशनल फॉरेस्टमध्ये, म्हणजे सरकारी जंगलात, फुकट तंबू ठोकता येतो हे खरं, पण कुठेही नाही. फॉरेस्ट सर्व्हिसचा 'मोटार व्हेइकल यूज मॅप' घरीच फोनमध्ये उतरवून घे. वर डोंगरात रेंज मिळेलच असं नाही. गाडी घेऊन मुक्काम करता येणाऱ्या रस्त्यांच्या कडेला त्यात ठिपके असतात. हा नकाशाच खरं तिकीट समज.

उजेडी पोच. नवी जागा करू नकोस. जुन्या चुलीचे काळे दगड दिसतील तिथेच उतर, ओढ्यापासून 200 फूट, म्हणजे सत्तर मोठी पावलं लांब. नळ नाही, संडास नाही. खुरपं ने, सहा ते आठ इंच खड्डा खण, कागद पिशवीत भरून परत आण. (बायको पहिल्यांदा हे ऐकून गाडीतच बसून राहिली होती.)

तंबूत खायचं काही नको, चिवड्याची पुडीही नको. अस्वलाला टूथपेस्टचासुद्धा वास येतो.

शेकोटीवर बंदी आहे का, ते निघण्याआधी रेंजर ऑफिसला फोन करून विचार. आणि जुलै आहे म्हणून पातळ चादरीवर जाऊ नकोस. साडेनऊ हजार फुटांवर पहाटे माझ्या बाटलीत बर्फाची पापडी होती.