जुना इलेक्ट्रिक टाइपरायटर कॉम्प्युटरला प्रिंटर म्हणून जोडता येतो का?

येतो, पण आधी झाकण उघडून आत काय आहे ते बघा. डेझी-व्हीलवाला (पाकळ्यांच्या टोकांवर अक्षरं असलेलं चाक) इलेक्ट्रॉनिक टाइपरायटर असेल तर काम सोपं: कीबोर्डच्या तारांना अॅनालॉग स्विच (विजेच्या इशाऱ्यावर दोन तारा जोडणारी चिप) आणि आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) जोडा, म्हणजे यंत्राला कळ दाबल्यासारखंच वाटतं.

१९६१ साली आलेल्या आयबीएम सिलेक्ट्रिकमध्ये मात्र मोटर सोडली तर सगळा कारभार यांत्रिक. तिथे सोलेनॉइडने (वीज दिली की दांडा ओढणाऱ्या विद्युतचुंबकाने) आतले दांडे ओढावे लागतात. प्रत्येक सोलेनॉइडला उलटा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावाच, नाहीतर सोलेनॉइड बंद होताना उसळणाऱ्या विजेने तो चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर जळतो. वेग सेकंदाला साधारण १५ अक्षरं. अक्षरांचा गोळा डावीकडे परत येईपर्यंत प्रोग्रॅमने थांबायला हवं, नाहीतर पुढच्या ओळीची पहिली अक्षरं भलतीकडेच उमटतात.

आणि चालू यंत्राला कृपया भोकं पाडू नका. जोडणी सहज काढता येईल अशीच करा.