जायंट ग्रोथ पहिले टाकलं, तरी अस्वल का मेलं?

भाऊ, रविवारी धरमपेठेत अडकलेला तुमचा मॅजिकचा (मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाचा) डाव असा होता: टर्न तुमची, २/२ ग्रिझली बेअर्सने (अस्वलाचं कार्ड: २ डॅमेज देतं, २ डॅमेजने मरतं) हल्ला, समोरून ब्लॉक नाही. तुम्ही जायंट ग्रोथ (टर्न संपेपर्यंत +३/+३) टाकलं, त्यावर समोरच्याने लाइटनिंग बोल्ट (३ डॅमेज) मारला. "पहिले मी टाकलं ना बे!" हे तुमचं म्हणणं. पण नियमाने तो बरोबर आहे.

टाकलेली कार्डं परिणाम होईपर्यंत जिथे थांबतात तो स्टॅक म्हणजे पंगतीतल्या ताटांची चळत. शेवटी ठेवलेलं ताट पहिले उचललं जातं. बोल्ट वर होता, म्हणून ३ डॅमेज आधी लागला आणि अस्वल गेलं. ग्रोथला टार्गेटच उरलं नाही, तेही वाया. हेच उलट झालं असतं, म्हणजे त्याच्या बोल्टवर तुम्ही ग्रोथ टाकलं असतं, तर अस्वल ५/५ होऊन वाचलं असतं.

मग थांबायचं का? खरी मेख इथेच आहे. प्रायॉरिटी (काही टाकायची पाळी) आधी टर्नवाल्याला मिळते. ब्लॉकर्स ठरल्यावर तुम्ही पास म्हणालात आणि तोही पास म्हणाला, तर थेट कॉम्बॅट डॅमेज. ग्रोथ हातातच राहतं, जादाचे ३ डॅमेज हुकतात. त्याच्याकडे एक माउंटन (बोल्टला लागणारं लँड कार्ड) अनटॅप, म्हणजे न वापरलेलं, असेल, तर मी पास म्हणतो. अस्वल मला त्या ३ डॅमेजपेक्षा मोलाचं वाटतं. त्याची सगळी लँड टॅप, म्हणजे वापरलेली असतील, तर बेलाशक टाका.

आणखी एक. कार्ड टाकल्यावर प्रायॉरिटी परत टाकणाऱ्याकडेच येते, आणि दोघांनी लागोपाठ पास केल्यावर फक्त सगळ्यात वरचं एकच रिझॉल्व्ह होतं, म्हणजे त्याचा परिणाम लागू होतो. त्यानंतर पुन्हा टर्नवाल्यापासून सुरुवात. म्हणून बोल्ट पडताच हातात दुसरं ग्रोथ असतं, तर तेव्हाही वाचवता आलं असतं.

लँड टॅप करून माना (कार्डं टाकायला लागणारी ऊर्जा) काढणं स्टॅकवर जात नाही, त्यावर रिस्पॉन्स नाही. अनटॅप स्टेपमध्ये (टर्नच्या सुरुवातीला टॅप कार्डं परत उभी करतात तेव्हा) प्रायॉरिटी कोणालाच नसते. १९९९च्या सहाव्या आवृत्तीपूर्वी स्टॅक नव्हता, इंटरप्टचे (तेव्हाच्या एका कार्डप्रकाराचे) नियम वेगळे होते. जुन्या खेळाडूंचं ऐकून गोंधळ होतो तो त्यामुळे.

पास तोंडाने म्हणत चला, नुसत्या मानेच्या इशाऱ्यावर जाऊ नका. तुमचा डाव मोडायची गरज नाही: अस्वल आणि ग्रोथ ग्रेव्हयार्डमध्ये (मेलेल्या, वापरलेल्या कार्डांच्या ढिगात) ठेवा, तुमची दुसरी मेन फेज (लढाईनंतर कार्डं टाकायचा टप्पा) अजून बाकी आहे, तिथून पुढे खेळा.