नवऱ्याने सॉरी म्हटलं, तरी आत दुखतंच आहे

एका ताईंनी लिहिलंय. आई भारतात आयसीयूमध्ये, इथे रात्रीचे अडीच वाजलेले, ताई भावाशी फोनवर बोलता बोलता रडतायत आणि नवरा कूस बदलून म्हणाला, "सकाळी बोलू ना, मला आठला मीटिंग आहे." आई बरी झाली, देवाची कृपा. नवऱ्याने नंतर सॉरी पण म्हटलं. पण चार महिने झाले तरी ते वाक्य ताईंच्या कानातून जात नाही, आणि प्रभूची प्रार्थना म्हणताना ऋणं सोडण्याची, म्हणजे अपराध्यांना क्षमा करण्याची, ओळ आली की आवाज अडकतो. विचारतायत, मी ख्रिस्ती बायको म्हणून कमी पडतेय का?

नाही हो ताई. तुम्ही ती ओळ तोंडदेखली म्हणत नाही, म्हणून तर अडकते.

आपल्याला एक सवय असते, "जाऊ दे, काही नाही" म्हणायचं आणि त्यालाच क्षमा समजायचं. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायातला, येशूने सांगितलेला देणेकऱ्याचा दाखला परत एकदा सावकाश वाचा. राजा चाकराचं दहा हजार तालांतांचं कर्ज सोडतो आणि तोच चाकर बाहेर जाऊन शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. आपण लहानपणापासून असंच ऐकलंय की शंभर दिनार म्हणजे चिल्लर, पण तेव्हा एक दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी होती, म्हणजे शंभर दिवसांची कमाई झाली की ती! तीन महिन्यांचा पगार कुणी बुडवला तर आपल्याला झोप लागेल का? प्रभूने सोबत्याचं कर्ज खोटं किंवा किरकोळ म्हटलेलं नाही. ते खरंच होतं, फक्त एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार, त्यामुळे चाकराला जे सोडलं होतं त्याच्यापुढे ते काहीच नव्हतं. तुमचे शंभर दिनार खरे आहेत. आधी ते मान्य करा, मग सोडा.

आणि नवऱ्याला ते कळू द्या, कारण त्यांनी कशासाठी सॉरी म्हटलं हे त्यांना तरी नीट माहीत आहे का? बहुतेक त्यांना वाटत असेल झोपमोडीवरून चिडचिड झाली, विषय संपला. "तुम्ही नेहमी असंच करता" असं नको, एकच गोष्ट सांगा, त्या रात्री मला वाटलं की आई गेली तर मी इथे एकटीच असेन.

हे मी अनुभवाने सांगतेय. माझ्या नवऱ्याची नोकरी गेली त्या वर्षी मी एकदा रागाच्या भरात बोलून गेले, तुझ्या हट्टापायी आलो इथे. तो काहीच बोलला नाही, धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावत बसला. तीन आठवड्यांनी रविवारी उपासनेहून परत आलो, गाडी बंद केली, दोघंही समोर बघत बसलेलो, तेव्हा म्हणाला, "तू ते बोललीस ना, त्यानंतर मला अर्ज पाठवायची हिंमतच होईना. मी सोडलंय ते. पण तुला माहीत असावं." मी खूप रडले. त्याने त्याच दिवशी "काही नाही" म्हटलं असतं तर मला कधीच कळलं नसतं मी काय मोडलं ते.

सूर्य मावळायच्या आत राग सोडा हे इफिसकरांस पत्रात आहे खरं, पण म्हणून रात्री एक वाजता थकलेल्या दोन माणसांनी निकाल लावायला बसू नका. ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे बायबलमधल्या चौथ्या स्तोत्राची आठवण करून देतोय आणि ते स्तोत्र म्हणतं, अंथरुणावर मनाशी विचार करा आणि स्तब्ध राहा. "मी रागावलेय पण तुमच्यासोबतच आहे, शनिवारी बोलू" एवढं म्हणून झोपलात तरी खूप झालं.

अजून एक, भांडणाच्या दिवशी माहेरी किंवा सासरी फोन लावून सगळं सांगू नका. तुम्ही दोघं दोन दिवसांत गोड होता, तिकडे ते वर्षानुवर्षं लक्षात राहतं. बोलायचंच असेल तर पाळकांशी किंवा मंडळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्या जोडप्याशी बोला.

मारहाण होत असेल, पासपोर्ट किंवा पैसे अडकवून ठेवले असतील, घरात भीती वाटत असेल तर हे वरचं काहीही तुमच्यासाठी नाही. आधी सुरक्षित जागी जा, मदत मागा. त्याला क्षमेचा अभाव म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

ताई, ते वाक्य परत आठवेल, आणि मला वाटतं सातांच्या सत्तर वेळा क्षमा करा हे येशूचं सांगणं एकाच जखमेलाही लागू पडतं, आठवलं की परत सोडायचं. फक्त यावेळी नवऱ्याला एक काम सांगा. पुन्हा कधी रात्री अडीचला तिकडून फोन आला तर काही बोलू नका म्हणावं, नुसतं उठून माझ्या शेजारी बसा.