कोआलाच्या पाल्यापर्यंत जाऊन या

प्रश्न : मी ॲरिझोनातल्या एका प्राणिसंग्रहालयात बागेचं काम पाहते. आमच्यासारख्या माळ्यांच्या मेळाव्यासाठी गाडीने सॅन डिएगोला निघालेय. सोबत कलमं नेऊ का? तिथे काय पाहू?

उत्तर : कलमं, बिया, माती काहीही नेऊ नका. कॅलिफोर्नियाच्या सीमेवरच्या नाक्यांवर झाडं-फळं आहेत का, हे विचारतात आणि ते योग्यच आहे. एका फांदीवरची कीड अख्खी बाग खाते. बूट आणि कात्र्याही घासून घ्या.

सॅन डिएगो प्राणिसंग्रहालयात कोआलांसाठी निलगिरी मुद्दाम वाढवतात. कोआला पाला खाण्यात फार चोखंदळ, त्यामुळे निलगिरीच्या अनेक जाती लावाव्या लागतात. भाषणं ऐकाच, पण छाटणी कशी करतात, फवारणी कुठे टाळतात, हे तिथल्या माळ्यांना गाठून विचारा. आयुष्यभर जनावरांच्या तोंडापाशी झाडं लावली, म्हणून कळकळीने सांगते, कण्हेरीचा विषय काढाच. तिकडे महामार्गांच्या कडेला ती सर्रास दिसेल. पण ती विषारी, पाल्याच्या मोळीत तिची एक डहाळीही जाता कामा नये. आणि जिराफाची जीभ जवळजवळ दीड फुटाची, तेव्हा कुंपणापासून झाड किती लांब ठेवतात, ते पावलांनी मोजून या.