चार आणि दीड वर्षांची मुलं असताना एम.एस्सी. नर्सिंगला प्रवेश घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की कळव्यात राहता, सहा वर्षं स्टाफ नर्स आहात, मोठी चारची आणि धाकटा दीडचा, नेरूळच्या बाजूला एम.एस्सी.ला जागा मिळतेय आणि रोजचं वेळापत्रक कसं बसवायचं ते कळत नाहीये.

वेळापत्रक बसतं हो. नाईट करून सकाळी घरी येऊन डबे भरणाऱ्या बाईला ते मी काय शिकवू? मोडतं ते मूल तापाने फणफणतं त्या सकाळी. म्हणून मी फक्त त्या सकाळीबद्दल लिहिते, बाकीचं तुमचं तुम्हाला जमेल.

मी घणसोलीत राहते. सासरे तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी होते, त्यांच्यामुळे हे घर. आता सासू-सासरे साताऱ्याकडे गावी असतात. नवरा रबाळे एमआयडीसीत शिफ्टला. मी चाइल्ड हेल्थ (बालआरोग्य) विषय घेऊन एम.एस्सी. केलं तेव्हा मुलगी पाचची होती आणि मुलगा दीडचा, म्हणजे तुमच्यासारखंच.

प्रवेशाच्या वेळी हजेरीचा नियम वाचला: परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीत ८० टक्के. मी मनात हिशेब केला, वीस टक्के आपले! मुलांच्या आजारपणाला पुरून उरतील. त्याच नियमाचं पुढचं वाक्य मी वाचलं होतं, पण डोक्यात शिरलं नव्हतं. पदवी हातात पडण्याआधी प्रॅक्टिकलचे तास १०० टक्के पूर्ण लागतात. म्हणजे वॉर्डातली दांडी माफ होत नाही, उधार राहते. आणि पहिल्या वर्षी वॉर्ड-फील्डचे तास थिअरीच्या जवळजवळ दुप्पट असतात, त्यामुळे मूल आजारी पडेल तो दिवस बहुतेक वेळा पोस्टिंगचाच, म्हणजे वॉर्डातल्या कामाचाच निघतो.

माझी उधारी अशी झाली. डिसेंबरात मुलीला कांजिण्या आल्या. पाळणाघरवाल्या काकूंनी दोन्ही मुलांना नको म्हणून सांगितलं, आणि ते बरोबरच होतं. सासूबाई गावाहून येईपर्यंत चार दिवस मी घरी. आल्या आल्या त्यांनी घरातली फोडणी बंद केली आणि आंघोळीच्या पाण्यात कडुलिंबाचा पाला टाकला. माझं त्या वेळी पीडियाट्रिक वॉर्डाचं पोस्टिंग चालू होतं, फाइलमध्ये मी केअर प्लॅन लिहीत होते, पण मी अवाक्षर काढलं नाही. जी बाई दिवसभर पोरीजवळ बसणार, तिच्या फोडणीशी मी कशाला भांडू? खपल्या धरल्या, मुलगी शाळेत गेली, सासूबाई गावी परतल्या. आणि मुलीला पुरळ आल्यापासून बरोबर पंधराव्या दिवशी धाकट्याच्या पोटावर पहिला फोड. कांजिण्यांचा अधिशयन काळ, म्हणजे लागण झाल्यापासून पुरळ येईपर्यंतचा, १० ते २१ दिवसांचा, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. स्वतःच्या घरात मात्र तारीख मोजली नाही, नाहीतर सासूबाईंना आणखी आठवडाभर थांबवून घेतलं असतं.

पुन्हा नऊ दिवस घरी. आधीचे सर्दी-जुलाबाचे धरून वर्षभरात वॉर्डातले १५ दिवस गेले. हजेरी ८० च्या वर होती, परीक्षा दिली, पासही झाले. परीक्षा संपल्यावर बाकीच्या मुली गावी गेल्या आणि मी ते पंधरा दिवस भरायला वॉर्डात. त्यात शाळेला सुट्टी, म्हणजे मुलगीही पूर्ण दिवस घरी, म्हणजे पाळणाघराचे दुप्पट पैसे. उधारीला व्याज असतं ते असं.

दुसऱ्या वर्षी घरात बसून तह केला. ताप आला की पहिला दिवस नवऱ्याचा, दुसरा माझा, तिसरा पुन्हा त्याचा. पहिला त्याचा का, तर त्याला आदल्या रात्री फोन करून शिफ्ट बदलून घेता येते, मला सकाळी सातला इन्चार्ज सिस्टरना सांगून पोस्टिंग बदलता येत नाही. सुरुवातीला 'आईच लागते त्याला' वगैरे झालं. मग मी भिंतीवरच्या कालनिर्णयवर माझे गेलेले दिवस लाल पेनाने आणि त्याचे निळ्याने लिहायला लागले. जूनपासून सप्टेंबरपर्यंत सगळा लाल रंग बघून तो आपणहून गप्प झाला. तुमच्या घरी काय चालेल ते तुम्ही ठरवा, पण हे बोलणं फी भरायच्या आधी करा. आणि मुलं धडधाकट असताना एकही दिवस खर्च करू नका. नणंदेच्या मुलाच्या मुंजीला मी पोस्टिंग संपवून संध्याकाळी गेले, दोन वर्षं टोमणे ऐकले, चालतंय.

सरकारी नोकरीतल्या मैत्रिणी बालसंगोपन रजेचं नाव काढतात. राज्य शासनाच्या महिला कर्मचाऱ्यांना मूल १८ वर्षांचं होईपर्यंत एकूण १८० दिवस ती मिळते, खरं आहे. पण ती नोकरीतली रजा, कॉलेजच्या हजेरीपत्रकाला तिच्याशी देणंघेणं नाही. तुम्ही तर खासगीत आहात, तेव्हा तो विषयच सोडा. आठवड्याला ४० तासांचा पूर्णवेळ कोर्स आहे, वर नोकरी चालू ठेवायचा विचारही करू नका. दोन वर्षं एका पगारात निघतात का, तेवढं पाहा.

पाळणाघर घराजवळच ठेवा. नेरूळला कॉलेजच्या शेजारी ठेवलं तर मधल्या सुट्टीत बघता येईल असं वाटतं, पण दीड वर्षाच्या बाळाला घेऊन कळव्याहून ठाण्याला यायचं, तिथे ट्रान्स हार्बरची गाडी धरायची, घाईत नेरूळऐवजी वाशीची धरली तर तुर्भ्याला उतरायचं, हे रोज दोन वेळा करून बघा म्हणजे कळेल. शिवाय तुम्ही वॉर्डात असताना नवऱ्याला किंवा शेजारणीला तिथे पोचायला तासभर लागणार.

आता प्रबंध. यावर कुणी बोलत नाही, आणि लहान मुलांच्या आयांचं दुसरं वर्ष इथेच बुडतं. गाइडला (प्रबंधाच्या मार्गदर्शकाला) आवडतो तो विषय तुम्हालाही पाठ असेल: अमुक-तमुकबद्दलच्या 'स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रामची इफेक्टिव्हनेस', म्हणजे ठरवून शिकवल्याने किती फरक पडला ते. त्यात प्री-टेस्ट घ्यायची, शिकवायचं आणि सातव्या दिवशी पोस्ट-टेस्ट. म्हणजे प्रत्येक बाई तुम्हाला दोनदा सापडली पाहिजे, आणि तिच्या सातव्या दिवशी तुमचं मूल ठणठणीत पाहिजे. नाहीतर ती बाई सँपलमधून गेली. माझ्या बरोबरीच्या एकीने मुरबाडकडच्या पाड्यांवर घरोघरी जायचा विषय घेतला. ती एकटी होती, तिला जमलं. मी लसीकरणाच्या ओपीडीत येणाऱ्या आयांची एकाच भेटीतली मुलाखत घेतली. गाइड म्हणाल्या, विषय साधा आहे. मी म्हटलं, हो मॅडम, साधाच आहे. पायलट स्टडीसकट (आधीच्या छोट्या चाचणीसकट) सगळा डेटा पोस्टिंगच्याच महिन्यात, त्याच इमारतीत गोळा झाला. टूल व्हॅलिडेशनसाठी, म्हणजे प्रश्नावली तपासून घ्यायला तज्ज्ञांच्या मागे फिरण्यात मात्र माझाही महिना गेला, त्याला उपाय सापडला नाही. सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) पहिल्या वर्षातच द्यायची असते, त्यामुळे हा विचार पुढे ढकलू नका.

मायक्रोटीचिंगचे (शिकवायच्या छोट्या सराव-पाठांचे) चार्ट जमिनीवर वाळत घालू नका. एवढ्यावरून काय झालं ते ओळखा.

तर करावं का? घरात दुसरं मोठं माणूस तापाचा दिवस खरोखर वाटून घेणार असेल तर याच वर्षी करा. धाकटा शाळेत जाईपर्यंत थांबलात तर नर्सरीतून येणारी आजारपणं तेव्हा सुरू होतील, फरक फारसा पडणार नाही. कुणीच नसेल, तर दोन वर्षं थांबा आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. फी भरण्याआधी कॉलेजात एकच विचारा: राहिलेलं पोस्टिंग वर्ष चालू असताना सुट्टीच्या दिवशी भरून देतात की परीक्षेनंतरच? माझ्या कॉलेजात परीक्षेनंतरच होतं आणि मी विचारलंच नव्हतं.

आणि धाकट्याला कांजिण्यांची लस दिली आहे का ते कार्डावर बघा. सरकारी लसीकरणात ती नाही, खासगीत पैसे मोजावे लागतात, म्हणून आम्ही दोघांच्याही वेळी 'बघू पुढे' केलं होतं. पंधराव्या महिन्यापासून देता येते, तुमचा त्या वयात आहे. मोठीचं राहिलं असेल तर तिलाही एकदमच नेऊन आणा.