वाचकांचे प्रश्न : केळीचा भाव, रेशनचे धान्य आणि सत्तेविषयीचे वाचन

या महिन्यात खानदेशातून आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे अन्न आणि पाणी यांविषयी कोण ठरवते, या एकाच विषयाभोवती फिरतात, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयात आम्ही काही तरुण रविवारी जमतो. अन्न आणि शाश्वत विकास या विषयावर यंदा वाचन करायचे ठरले आहे. सत्तेविषयीचे लेखनही त्यात असावे, असे मी सुचवले, तेव्हा ज्येष्ठ सभासद म्हणाले की केळी पिकवणाऱ्यांच्या मुलांनी ठिबक, ऊतिसंवर्धन (टिश्यू कल्चर) आणि निर्यात यांविषयी वाचावे, सत्ता हा पुढाऱ्यांचा विषय आहे. त्यांना काय सांगावे आणि वाचनाची सुरुवात कोठून करावी?
— एक विद्यार्थी, रावेर तालुका

उत्तर : ठिबक आणि ऊतिसंवर्धित रोपे यांनी जळगाव जिल्ह्यातील केळीची शेती बदलली, हे ज्येष्ठांचे म्हणणे खरेच आहे आणि त्याविषयी अवश्य वाचावे. मात्र माल कापणीला आल्यावर जे प्रश्न उभे राहतात, त्यांची उत्तरे त्या वाचनात मिळणार नाहीत. नवती, पिलबाग आणि वापसी या केळीच्या वर्गांचे भाव कोणी ठरवायचे, जाहीर झालेल्या भावाने प्रत्यक्ष खरेदी झाली नाही तर दाद कोणाकडे मागायची, वादळाने बाग आडवी झाल्यावर विम्यासाठी कोणत्या हवामान केंद्रावर मोजलेला वाऱ्याचा वेग ग्राह्य धरायचा, हे सगळे कोणीतरी, कोठेतरी बसून ठरवलेले असते. वर्षभर राबणारा माणूस त्या बैठकीत नसेल, तर तो सत्तेचाच प्रश्न झाला, मग त्यात पुढारी असो वा नसो.

केळीचेच उदाहरण देशाबाहेर नेऊन पाहा. मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला या देशात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युनायटेड फ्रूट या अमेरिकी कंपनीकडे केवळ बागा नव्हत्या. लोहमार्ग आणि अटलांटिकच्या बाजूचे प्रमुख बंदरही तिच्याच ताब्यात होते, त्यामुळे दुसऱ्या कोणी केळी पिकवली तरी ती बाहेर कशी जाणार, हे तीच ठरवत असे. राष्ट्राध्यक्ष हाकोबो आर्बेन्झ यांच्या सरकारने 1952 मध्ये जमीन सुधारणेचा कायदा करून कंपनीची पडीक जमीन भूमिहीनांना देण्यास घेतली आणि करासाठी कंपनीनेच दाखवलेली किंमत हीच भरपाई ठरवली. कंपनीला आणि वॉशिंग्टनला हे मानवले नाही. 1954 मध्ये सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेने घडवलेल्या उठावात ते सरकार गेले आणि वाटलेली जमीन बव्हंशी परत घेण्यात आली. रावेर-सावद्यात तशी परिस्थिती नाही, कारण येथे बागा लहान-मध्यम शेतकऱ्यांच्या मालकीच्या आहेत. परंतु जमीन आपली असूनही वाहतूक, पिकवणी आणि भाव दुसऱ्याच्या हातात असतील तर मालकी किती उरते, हा प्रश्न येथेही विचारता येतो आणि विचारावा.

या गोष्टीचा शाश्वततेशी काय संबंध, असे कोणी विचारील. त्या काळी निर्यातीच्या केळीत ग्रॉस मिशेल ही एकच जात होती, कारण ती जहाजातील प्रवास सोसत असे आणि कंपन्यांच्या साऱ्या सोयी तिच्याभोवती बांधलेल्या होत्या. पनामा मर रोगाने ती जात व्यापारातून उठवली आणि 1950-60 च्या दशकांत तिची जागा कॅव्हेंडिश गटाने घेतली. आपल्याकडे लावतात ती ग्रँड नैन जात त्याच गटातली. एकाच जातीवर सारा पट्टा उभा करण्याचा निर्णय प्रत्येक शेतकऱ्याला आपला स्वतःचा वाटतो. बाजार दुसरे काही घेत नाही ही बाब त्यामागे असते आणि रोग आला की तोटा मात्र फक्त बागवाल्याचा होतो.

राज्यशास्त्रज्ञ स्टीव्हन ल्यूक्स यांनी 1974 मध्ये सत्तेकडे तीन पातळ्यांवर पाहावे असे मांडले, ते आपल्या मंडळाला उपयोगी पडेल. उघड वादात कोणाचे चालते, ही पहिली पातळी. कोणते विषय बैठकीत येऊच दिले जात नाहीत, ही दुसरी. आणि लोकांना काय हवेसे वाटावे हेच घडवले जाते, ही तिसरी. यावल-रावेर पट्ट्यात भूजलाचा उपसा पुनर्भरणाच्या पुढे गेला आणि विहिरींच्या जागी खोल कूपनलिका आल्या. भावावरून येथे आंदोलने होतात, ती झालीच पाहिजेत. पण कोणी किती खोल जावे, हा विषय गावच्या बैठकीत किती वेळा निघाला, हे आपल्या मंडळाने जरूर तपासावे. उथळ विहिरीवर भागवणारा शेतकरी त्या बैठकीत बोलू शकतो का, हेही पाहावे.

सुरुवात महात्मा फुल्यांच्या 1883 मधील 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथापासून करावी. शेतकऱ्याने पिकवलेले कोणकोणत्या वाटांनी त्याच्या हातून निसटते, याचा एवढा रोखठोक हिशेब मराठीत दुसऱ्या कोणी त्याआधी मांडलेला नाही; शिवाय माती वाहून जाऊ नये आणि पाणी मुरावे म्हणून ताली-बंधारे बांधण्याची सूचनाही त्यात आहे, शाश्वत विकास हा शब्दप्रयोग जन्मण्याच्या शंभर वर्षे आधी. त्यानंतर अमर्त्य सेन यांनी 1981 मध्ये दुष्काळांविषयी केलेले विवेचन वाचावे. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसे मेली, आणि सेन यांच्या हिशेबाने त्या वर्षीचा धान्याचा पुरवठा दुष्काळ न पडलेल्या 1941 सालापेक्षा अधिक होता. कलकत्त्यातील युद्धोपयोगी कामांवरच्या लोकांना स्वस्त धान्य मिळाले. खेड्यातील भूमिहीन मजूर, कोळी आणि कारागीर यांच्या मजुरीत ते बसेना. या आकड्यांवर पुढे आक्षेपही घेतले गेले, ते सोबतच वाचावेत. उत्पादन वाढले की भूक आपोआप जाते, या समजुतीला मात्र त्यानंतर पूर्वीचा भक्कमपणा राहिला नाही.

आणि एक रूक्ष सूचना. महाराष्ट्राचा 1963 चा कृषी उत्पन्न पणन कायदा आणि फळपीक विम्याचा चालू हंगामाचा शासन निर्णय एकेका रविवारी मोठ्याने वाचून काढा. कंटाळवाणे वाचन आहे, पण सत्तेविषयी इतके थेट लेखन अन्यत्र क्वचितच सापडेल. ज्येष्ठ सभासदही त्या दिवशी येऊन बसतील, कारण कापणी आणि विम्याच्या बाबतीत तरुणांपेक्षा त्यांनीच अधिक सोसलेले असते.

प्रश्न : पांझरा नदीवरील फड या सामायिक सिंचन पद्धतीचा गौरव हल्ली फार ऐकू येतो. आमच्या घराण्यातही पूर्वी पाटकरी होते. ती पद्धत जशीच्या तशी परत आणणे म्हणजे शाश्वत विकास, असे मानावे काय?
— एक निवृत्त शिक्षक, साक्री तालुका

उत्तर : गौरव रास्त आहे. पांझरा, मोसम, गिरणा या नद्यांवर बंधारे घालून पाटाने पाणी नेणारी ही व्यवस्था शेकडो वर्षे चालली आणि ती गावकऱ्यांनीच चालवली. भिजणाऱ्या जमिनीचे फड म्हणजे भाग पाडायचे, एका फडात एका हंगामी एकच पीक घ्यायचे, पुढे फेरपालट करायची. पाटकरी पाणी देणार, जागल्या राखण करणार, हवालदार देखरेख ठेवणार आणि पाटाच्या दुरुस्तीला सगळ्यांनी हात लावायचा. शेतकऱ्यांच्या जमिनी बहुधा निरनिराळ्या फडांत विभागलेल्या असत, त्यामुळे पाणी कमी पडून एखादाच फड भिजवायचा ठरला तरी कोणी एकटा बुडत नसे आणि कोणी एकटा तरतही नसे. अभियंते शेवटच्या टोकापर्यंत पाणी पोचवण्याचे जे कोडे कालव्यांवर आजही सोडवू पाहतात, ते येथे टंचाई वाटून घेण्याच्या नियमाने सोडवलेले होते.

पण आपण घराण्याचा उल्लेख केला आहे, म्हणून दुसरी बाजूही लिहितो. फडाच्या पाण्यावर हक्क होता तो फडात जमीन असणाऱ्याचा. भूमिहीनाच्या वाट्याला मजुरी आली, पाणी आले नाही. कोणते काम कोणी करायचे यावर जातीची छाप होती. आणि पाणी भरणाऱ्या, निंदणी करणाऱ्या स्त्रियांना निर्णयात स्थान असल्याचे दिसत नाही. पुढे वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरींवर मोटारी बसल्या आणि ज्याला स्वतःचे पाणी मिळाले त्याला सामायिक पाटाची गरज राहिली नाही. अमुक शेतकऱ्यांचा स्वार्थ किंवा तमुक खात्याचा आडमुठेपणा एवढ्यावर हे ढकलणे मला पटत नाही. निर्णय घेणारे आणि त्याची झळ सोसणारे यांची जी गाठ होती ती सुटली, एवढे नक्की.

इंडोनेशियातील बाली बेटावर सुबक नावाची अशीच सामायिक व्यवस्था आहे. जलमंदिरांच्या वेळापत्रकाप्रमाणे खालचे-वरचे शेतकरी एकाच वेळी भात लावत आणि एकाच वेळी शेते मोकळी ठेवत. हरितक्रांतीच्या काळात, 1970 च्या दशकात, शक्य तितकी पिके लागोपाठ घ्या असा सरकारी आदेश आला. शेते कधीच मोकळी राहीनात, किडी फोफावल्या आणि पुढे पूर्वीच्या वेळापत्रकाकडे वळावे लागले. वेळापत्रकामागचे शास्त्र कोणी विचारलेच नव्हते, कारण ते सांगणारे पुजारी आणि शेतकरी होते.

म्हणून जशीच्या तशी नको. विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात पाणी पंचायत सुरू केली, तेव्हा पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला फार तर अडीच एकर अशा मापाने दिले. भूमिहीनांनाही वाटा ठेवला आणि उसाला मनाई केली. फडाकडून टंचाई वाटून घेणे आणि पाणी पंचायतीकडून वाटेकरी कोण हे ठरवण्याची रीत, असे दोन्ही घेतले तर आपल्या तालुक्यात काही उभे राहू शकेल. ते सोपे नाही. ज्यांच्याकडे आज पाणी आहे ते विरोध करतील, हे गृहीत धरूनच चाललेले बरे.

प्रश्न : आमच्या डोंगरात मोर, भादी, बर्टी ही भरडधान्ये मागे पडून रेशनचा तांदूळ-गहू घरोघर आला. आता शहरांत भरडधान्यांचा गाजावाजा आहे आणि व्यापारी ती चढ्या भावाने मागतात. यामुळे कुपोषण कमी होईल, असे बैठकांत सांगितले जाते. हे खरे मानावे का?
— एक अंगणवाडी सेविका, धडगाव तालुका

उत्तर : ताई, रेशनला दोष देण्याची घाई करू नये. 1971 मध्ये शहादा भागातील पाटीलवाडी येथे उपाशी भिल्ल मजुरांनी मोठ्या शेतकऱ्याकडे धान्य मागितले आणि प्रकरण गोळीबारापर्यंत गेले. आदिवासी नेते अंबरसिंग सुरतवंती आणि मजुरांची श्रमिक संघटना यांच्या चळवळीची धग त्यातूनच वाढली. धान्यासाठी कोणाच्या वाड्यावर जावे लागू नये, याची हमी ही लहान गोष्ट नाही. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो आणि अंत्योदय (सर्वांत गरीब) कुटुंबाला 35 किलो धान्य हक्काचे झाले. तक्रार आहे ती त्या हक्कात काय मिळावे हे ठरवण्याची. कायद्याच्या यादीत भरडधान्ये आहेत, पण सरकारी खरेदी आणि गोदामे गहू-तांदळाची, त्यामुळे ताटातही तेच आले.

देशाच्या पातळीवर हाच अनुभव आपण घेतलेला आहे. 1966 मध्ये भारताने सुमारे एक कोटी टन धान्य आयात केले, त्यात अमेरिकेच्या पीएल-480 या अन्नमदत योजनेतील गव्हाचा वाटा मोठा होता, आणि व्हिएतनाम युद्धावर भारत टीका करतो म्हणून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन जहाजे महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडत. धान्य येत होते. केव्हा आणि किती, हे घेणाऱ्याच्या हातात नव्हते. बहात्तरच्या दुष्काळात लाल मिलो (आयात केलेली ज्वारी) खाल्लेली माणसे खानदेशात अजून आहेत, त्यांना त्याची चव विचारून पाहावी.

आता बाजाराविषयी. दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हिया आणि पेरू या देशांत किन्वा हे डोंगरातल्या लोकांचे धान्य. परदेशी मागणी वाढली, 2013 हे संयुक्त राष्ट्रांचे किन्वा वर्ष ठरले, भाव काही पटींनी चढले, आणि मग सपाटीवरच्या मोठ्या शेतांनी व इतर देशांनी तेच पीक घेतल्यावर कोसळले. दरम्यान बोलिव्हियाच्या पठारावर लामा या पाळीव जनावरांची कुरणे नांगरली गेली होती. आपल्याकडे 2023 हे भरडधान्य वर्ष झाले. चढा भाव मिळणे वाईट नाही, पण घरातील मोर विकून त्या पैशांत पॅकेटमधला खाऊ आला तर मुलांच्या पोषणात भर पडणार नाही. विक्रीचा पैसा घरात कोणाच्या हाती येतो, यावरही पुष्कळ अवलंबून असते, आणि ते आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता.

शिवाय धडगाव-अक्कलकुव्यातील 33 गावे नर्मदेवरील सरदार सरोवर धरणाच्या बुडिताखाली आली, हे विसरून येथील आहाराविषयी बोलता येत नाही. नदीकाठची सुपीक जमीन, मासे आणि जंगलातील कंदभाज्या या कोणत्याही पोषण तक्त्यात नव्हत्या, म्हणून त्यांची भरपाईही कोणी मोजली नाही.

बैठकांतून ऐकण्याऐवजी आपण मागणी करावी. आपला तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींविषयीच्या 1996 च्या पेसा कायद्याने आणि राज्याच्या 2014 च्या नियमांनी ग्रामसभेला विकासकामांवर बोलण्याचा आणि आदिवासी उपयोजनेच्या निधीतील वाटा कशावर खर्च व्हावा हे ठरवण्याचा अधिकार दिला आहे. 2015 पासून चालू असलेल्या अमृत आहार योजनेत गरोदर व स्तनदा मातांना जे गरम जेवण मिळते, त्यात आठवड्यातून काही दिवस गावातच पिकलेले मोर किंवा ज्वारी घ्यावी, ती गावातील शेतकऱ्यांकडून ठरल्या भावाने विकत घ्यावी आणि बियाणे राखण्यासाठी निधीतून कोठी बांधावी, असा ठराव स्त्रियांची उपस्थिती पुरेशी असेल अशा ग्रामसभेत मांडावा. ठरावाची प्रत शिक्क्यासह घ्यावी आणि आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे पोच घेऊनच द्यावी.