बाजीराव-मस्तानीची ताटातूट नशिबाने झाली की त्यांनी स्वतःच ओढवून घेतली?

तुम्ही दोनच पर्याय दिलेत, नशीब किंवा त्या दोघांची निवड. म्हणून लिहायला बसले. बाकीची माणसं कुठे गेली?

१७४० च्या सुरुवातीला बाजीराव निजामाच्या मुलाशी, नासिरजंगाशी लढत होते, तेव्हा इकडे पुण्यात मस्तानीला कैदेत ठेवलं होतं. ठेवणारे परके नव्हते. बाजीरावांचाच सख्खा भाऊ चिमाजीअप्पा आणि मुलगा नानासाहेब. २८ एप्रिलला नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीराव तापाने गेले, वयाची चाळिशीही झाली नव्हती. मागोमाग मस्तानी गेली. ताप नशिबात होता म्हणा हवं तर. तिच्या दारावरचा पहारा माणसांनी बसवला होता.

माझं माहेर शिरूर तालुक्यात. मस्तानीची कबर असलेलं पाबळ तिथून जवळ. लहानपणी आत्या मला तिथं न्यायची, फुलं वाहायची आणि बराच वेळ नुसती बसून राहायची. कारण मला फार उशिरा कळलं.

आत्या झेडपीच्या शाळेत शिकवायची. तिथल्याच एका सरांशी तिचं जमलं. जात वेगळी. आजोबा थेट नाही म्हणाले नाहीत, "पत्रिका बघू" म्हणाले. दोन्ही पत्रिका घेऊन एकटेच गेले आणि संध्याकाळी परत येऊन ओसरीवरूनच सांगितलं, "एकनाड आहे." म्हणजे दोघांची नाडी एकच, पत्रिका जुळत नाही. आत्याने त्यांना पाणी दिलं, ताट वाढलं. पुढच्या जूनमध्ये सरांनी बदली करून घेतली. आत्याने लग्न केलंच नाही. घरात वाक्य ठरून गेलं, तिच्या नशिबातच नव्हतं.

आजोबा गेल्यावर त्यांची पेटी मी आवरली. सातबाऱ्याच्या उताऱ्यांमध्ये ज्योतिषांच्या हातचा कागद निघाला. गुण २६, नाडी भिन्न, विवाहास हरकत नाही. मी तो बाबांपुढे धरला. ते म्हणाले, "मला माहीत होतं. पण योग नसला की नसतो गं." नऊ वर्षं झाली, आमचं त्यावरून अजून वाजतं. ज्योतिषाने हो सांगितलं, आजोबांनी नाही केलं, आणि खापर ग्रहांवर!

आत्याची काहीच चूक नाही असंही मी म्हणत नाही. पगार तिचा होता. कागद हातात मागायला हवा होता. पण त्या घरात बापाकडे कागद मागणं फार अवघड होतं, मागायला हवा होता हे मी आज शहरात बसून सांगणं सोपं आहे. आणि सगळेच घरचे तसे नसतात. मस्तानीमागे तिच्या मुलाला, समशेरबहाद्दरला, बाजीरावांच्या पहिल्या पत्नी काशीबाईंनी वाढवलं. म्हणजे त्याच घरात वेगळं वागणं शक्य होतं.

तुम्ही हे स्वतःसाठी विचारत असाल, तर पत्रिका दाखवायला घरच्यांबरोबर जा आणि कागद स्वतः वाचा.

आत्याला तो कागद मी अजून दाखवलेला नाही. बाबा म्हणतात, आता या वयात कशाला तिला त्रास. तिच्या वतीने पुन्हा दुसरंच कोणी ठरवतंय. दिवाळीला माहेरी जाईन तेव्हा कागद बरोबर नेणार आहे.